पलंगाची उंचीही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या अंकात फर्निचरच्या पानभर जाहिराती येत आहेत. पलंगाच्या पोटात किती सामान मावेल, हेडबोर्डला कापड कोणते, महिन्याला हप्ता किती, सगळे असते. झोपायची जागा जमिनीपासून किती उंच, एवढेच नसते. ज्या घरात लहान मूल आहे किंवा येणार आहे, तिथे पलंग घेताना पहिल्यांदा विचारावा असा आकडा तोच आहे. मूल पलंगावरून पडले की आपल्याकडे 'सगळ्यांचीच पडतात' म्हणून विषय मिटतो. पडतात हे खरे, आणि बहुतेकांचे टेंगळावर निभावतेही. पण कवटीला तडा जाणे, खांद्याजवळचे गळ्याचे हाड मोडणे हेही याच उंचीवरून होते, आणि मूल जितके लहान तितका धोका जास्त.

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंतच्या नव्या सदनिकांत आता बॉक्स पलंगच जास्त दिसतो. खोका सोळा ते अठरा इंच, वर सहा ते आठ इंचांची गादी. म्हणजे ५५ ते ६५ सेंटिमीटर. खाली व्हिट्रिफाइड टाइल, जी तसूभरही दबत नाही. ६० सेंटिमीटरवरून निसटलेले बाळ साधारण ०.३५ सेकंदात जमिनीवर असते आणि आदळताना त्याचा वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास असतो. डोळ्यांनी पाहिलेले कळून हात हलायला लागेपर्यंतच मोठ्या माणसाचा पाव सेकंद जातो. सेकंदाच्या उरलेल्या दहाव्या हिश्श्यात खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कोणी झेल घेऊ शकत नाही. शेजारी बसलेल्यालाही बहुधा जमत नाही. 'नीट लक्ष ठेवा' हा सल्ला म्हणूनच आम्हाला अपुरा वाटतो. त्यात पडलेल्या बाळाच्या आईला बोल लावण्याची सोय होते, दुसरे काही नाही. तीच गादी थेट जमिनीवर टाकली तर उंची १५ सेंटिमीटर उरते, आदळण्याचा वेग निम्मा होतो आणि धक्क्यातली ऊर्जा पावपट. घरात पैसा न घालता करता येण्यासारखा याहून मोठा बदल नाही.

डोकेच आधी का आपटते, तेही समजून घेण्यासारखे आहे. नवजात बाळाच्या लांबीचा सुमारे पाव हिस्सा डोक्याचा असतो, मोठ्या माणसात तो आठवा असतो. त्यामुळे पलंगाच्या कडेला आलेले बाळ डोक्याच्या बाजूने कलंडते. पडताना हात पुढे टेकून स्वतःला सावरण्याची प्रतिक्रिया सात ते नऊ महिन्यांच्या सुमारास येते. त्याआधीचे बाळ हात पुढे करतच नाही. पालथे पडणे साधारण चौथ्या महिन्यात सुरू होते, पण त्याआधीही टाचा रोवून, पाय झाडत बाळ सरकते. 'अजून पालथे पडत नाही, मग मध्यभागी ठेवले तर काय होते' हा हिशेब तिथेच चुकतो, कारण बाळ पहिल्यांदा केव्हा वळेल ते आधी कळत नाही.

आपल्या रिवाजामुळे यात एक भर पडते. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि पुष्कळ मुली तीन ते पाच महिन्यांचे बाळ घेऊन सासरी परततात. माहेरी गादी खाली असते, आजी शेजारी असते. सासरी नवरा-बायकोचा उंच पलंग, आणि नेमके तेच वय बाळाच्या पालथे पडण्याचे. बाळ घरी येण्याच्या आदल्या दिवशी गादी खाली उतरवून ठेवणे हे ओवाळण्याच्या ताटाइतकेच आधी सुचायला हवे.

पलंगावर बाळाच्या दोन्ही बाजूंना उशा, लोड, तक्के लावण्याची पद्धत घरोघर आहे. तिचा उपयोग जवळजवळ नाही आणि अपाय मोठा आहे. उशी चादरीवरून सहज घसरते. टाचा मारणारे चार-पाच महिन्यांचे बाळ तिला ढकलत कडेपर्यंत नेते आणि शेवटी उशीसकट खाली येते. आठ-नऊ महिन्यांचे मूल त्याच उशीवर चढते, म्हणजे पडण्याची उंची आपणच चार-सहा इंचांनी वाढवून दिलेली असते. पण पडण्याहून वाईट म्हणजे पालथे झालेल्या बाळाचे नाक-तोंड मऊ उशीत दाबले जाणे. मान उचलून बाजूला वळवण्याची ताकद त्या वयात प्रत्येक वेळी पुरत नाही, आणि ते घडते अगदी बिनआवाजी. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ उशी, लोड, जाड दुलई, मोठी सॉफ्ट टॉइज यांतले काहीही नको. उताणे झोपवावे, घट्ट आणि सपाट गादीवर. छत्रीसारखी उघडणारी घडीची मच्छरदाणीही कठडा समजून वापरली जाते. ती डासांपुरतीच आहे. बाळ लोळले की तीही बरोबर लोळते.

रात्री दोघांच्या मध्ये झोपवले की बाळ सुरक्षित, असा समज आहे. दोन्ही बाजू अडलेल्या असतात, म्हणून ते सरकत पायथ्याकडे जाते आणि तिथून पडते. बाळ आई-वडिलांच्या खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. जागेअभावी ते जमत नसेल तर निदान सगळ्यांचेच अंथरूण खाली घ्यावे. दारू प्यायलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा गुंगीचे औषध घेतलेल्या माणसाने बाळाला शेजारी घेऊन मुळीच झोपू नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर लवंडतो. ती जागा पलंगापेक्षाही वाईट, कारण पाठ आणि बैठक यांच्या खोबणीत बाळ अडकते.

आता खाली झोपण्याबद्दल. गादी चार ते सहा इंचांची, दाबली तर पटकन वर येणारी असावी. कापसाची जुनी गादी मध्यभागी खोल गेलेली असते. बाळासाठी ती नको, कॉयरची किंवा घट्ट फोमची चांगली. गादी भिंतीला चिकटवू नये, किमान फूटभर लांब ठेवावी, म्हणजे गादी आणि भिंत यांच्यात बाळ रुतणार नाही. नाशिकच्या थंडीत फरशी गार पडते, ही घराघरांतली खरी अडचण. खाली आधी चटई, तिच्यावर सतरंजी किंवा एकमेकांत अडकणारी फोमची जोडपत्रे, मग गादी, असे थर केले की गारवा वर येत नाही. बाळाला अंगभर कपडे घालावेत, तोंडावर येईल असे जाड पांघरूण नको. पावसाळ्यात फरशीला दमट ओल धरते आणि आठवड्याभरात गादीच्या तळाला बुरशी येते. रोज सकाळी गादी भिंतीला उभी करायची आणि उन्हाची उघडीप मिळाली की बाहेर टाकायची. हे जमणार नसेल तर सुताराकडून दोन-अडीच इंच उंचीची पट्ट्यांची चौकट करून घ्यावी. पट्ट्यांमधून हवा खेळते आणि उंचीही फारशी वाढत नाही.

पण हा सल्ला सरसकट नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडची मातीची, कुडाची किंवा शेताला लागून असलेली घरे यांत रात्री जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावण्याचा धोका खरा आहे. पावसाळ्यात तो वाढतो, दंश पुष्कळदा झोपेत होतो आणि दुखतही नाही. विंचवाचाही धोका असतो. अशा घरी बाज किंवा खाटच ठीक. फक्त ती गुडघ्याएवढी उंच नसावी, फूटभर पुरते. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचावी. सैल लोंबणारी जाळी बाळाच्या तोंडावर येते, म्हणून ती ताणून बसली पाहिजे. खाटेच्या कडेला जमिनीवर दुहेरी गोधडी घालायची तर रात्री झटकून घालावी आणि सकाळी उचलावी. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला हे लागू नाही, तिथे खाली झोपणेच बरे.

पायांचा लाकडी पलंग असेल तर सुतार चारही पाय सारखे कापून देतो. तळाला रबरी बूच बसवले की घसरत नाही. हायड्रॉलिक बॉक्स पलंग कापता येत नाही. त्याची गादी काढून खाली घ्यायची आणि खोका काही महिने सामानासाठी वापरायचा. जाता जाता त्याच पलंगाबद्दल एक सूचना. गॅसचा पंप जुना झाला की वरची फळी धरून ठेवत नाही, आणि मुलाची बोटे किंवा मान तिच्याखाली येऊ शकते. वर उचललेली फळी स्वतःच्या वजनाने खाली यायला लागली की पंप बदलावा, चालढकल करू नये.

बाजारात आणि ऑनलाइन जे बेड गार्ड किंवा बेड रेल मिळते, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण हल्ली ते बारशालाच भेट म्हणून येते. पाइपची चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी आणि गादीखाली सरकवायचे दोन आडवे हात, अशी त्याची रचना असते. हे उपकरण स्वतःहून पलंगावर चढता-उतरता येणाऱ्या मुलासाठी आहे, म्हणजे साधारण दोन ते पाच वर्षे. अमेरिकेत २०१२ पासून त्यासाठी सक्तीचे मानक आहे आणि तेही याच वयोगटासाठी. बारा दिवसांच्या किंवा आठ महिन्यांच्या बाळाला ते लावले की धोक्याचे रूप बदलते. बाळ जाळीवर भार देते, जाळी बाहेर झुकते, गादी आणि गार्ड यांच्यात फट पडते, तिच्यात अंग खाली उतरते आणि डोके वर अडकते. किंवा चेहरा जाळी आणि गादी यांच्यात दाबला जातो. पडलेले बाळ निदान रडते. असे अडकलेले बाळ आवाज काढू शकत नाही.

दोन वर्षांपुढच्या मुलासाठी गार्ड घेताना आधी आपला पलंग पाहावा. पुष्कळ बॉक्स पलंगांना कडेने इंच-दीड इंच उंच पट्टी असते आणि गादी तिच्या आत बसते. अशा पलंगावर गार्डचे हात सपाट टेकत नाहीत, तिरके राहतात आणि रोज थोडे बाहेर सरकतात. चार इंचांची हलकी गादी त्या हातांना दाबून धरू शकत नाही. जड गादी धरते, पण जाड असली तर गार्डची उपयोगी उंची खाते. बरोबर आलेला लांब पट्टा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला चौकटीला बांधायचा असतो. बहुतेक घरांत तो पट्टा खोक्यातच राहिलेला असतो. बसवून झाल्यावर मूल जवळ नसताना तपासावे: एका हाताने गादीची कड खाली दाबायची, दुसऱ्याने गार्ड आतून बाहेर जोरात ढकलायचे. मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट पडली तर ते गार्ड त्या पलंगासाठी नाही, परत करावे. गार्डचे टोक आणि हेडबोर्ड यांच्यातले अंतरही पाहावे. ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटीत लहान मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. म्हणून ते अंतर एकतर जवळजवळ नसावे, नाहीतर चांगले २५ सेंटिमीटर असावे, म्हणजे मूल तिथून सरळ खाली उतरू शकते. मुलांनी पलंगावर उड्या मारल्या की जोड सैल होतात, तेव्हा दर आठवड्याला हीच तपासणी करावी.

या वयाच्या मुलाला स्वस्तातला दुसरा उपाय पुरतो. जाड चादरीची लांब गुंडाळी करून ती गादीच्या कडेला, इलॅस्टिकच्या चादरीखाली घालावी. झोपेत लोळणारे मूल त्या उंचवट्याला अडते आणि मागे वळते. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या बाळाला हे करू नये.

पलंग भिंतीला टेकवून निम्मा प्रश्न सुटतो, असे वाटते. भिंतीच्या तळाला टाइलची पट्टी असते, तिच्यामुळे पलंग इंचभर दूरच राहतो. गादी रोज थोडी सरकते आणि भिंतीकडे चार बोटे जागा तयार होते. बाळाला भिंतीच्या बाजूला झोपवलेले असते आणि ते तिथेच रुतते. तीच गोष्ट दोन सिंगल गाद्या जोडून केलेल्या डबल बेडची. मधली फट चादरीखाली दिसत नाही, पण बाळाच्या वजनाने उघडते. त्या सांध्यावर बाळाला झोपवू नये, दोन्ही गाद्या कडेने पट्ट्याने आवळल्या तरीही.

बाळाची वेगळी खाट, म्हणजे कठड्याचा कॉट, हा सहा महिने ते दोन-अडीच वर्षांसाठी चांगला पर्याय आहे. भद्रकाली, सिडको भागातले सुतार तो सांगाल त्या मापाने करून देतात, म्हणून मापे लिहून द्यावीत. कठड्याचे गज उभे असावेत. आडवे गज म्हणजे शिडी. दोन गजांमधले अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गादी सगळीकडून इतकी घट्ट बसावी की तिच्या आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटांहून जास्त जागा राहू नये. गादीच्या वरच्या पृष्ठापासून कठड्याची उंची किमान २६ इंच भरली पाहिजे. हे माप गादी टाकल्यावर घ्यायचे. सुतार फळीपासून मोजतो आणि नंतर घरचे सहा इंचांची गादी घालून ते वीसवर आणतात. चार इंचांपेक्षा जाड गादी नकोच. कोपऱ्यांचे खांब वर निघालेले नसावेत, झबल्याचा बंद अडकून गळ्याला फास बसतो. जोड खिळ्यांचे नको, नटबोल्ट आणि वॉशरचे हवेत, कारण उभे राहून कठडा हलवणे हा त्या वयाचा आवडता उद्योग. वर-खाली सरकणारी बाजू करू नये. कड्या तुटून बाजू सुटते आणि मूल मध्ये अडकते. अमेरिकेत अशा कॉटची विक्री २०११ पासून बंद आहे. दात येताना मूल वरची पट्टी चघळते, म्हणून रंग शिसेविरहित असावा. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावे असा भारतातला नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे; घरी उरलेला जुना डबा मात्र वापरू नये. मूल ८९ सेंटिमीटर उंच झाले किंवा एक पाय कठड्यावर टाकू लागले की कॉटचे दिवस संपले. मग त्याला खालच्या गादीवरच आणावे, कारण कठड्यावरून पडणे पलंगावरून पडण्याहून वाईट.

झोळी आणि पाळणा पूर्वापार चालत आले आहेत, आणि पालथे न पडणाऱ्या बाळाला, डोळ्यांसमोर, दिवसा थोडा वेळ चालतात. झोळीचा तळ जमिनीपासून फूटभरच असावा आणि खाली गादी असावी. दोरी थेट कडीवर घासू देऊ नये, मध्ये लोखंडी रिंग घालावी. दोरीचे तंतू वरच्या बाजूने तुटतात, खालून दिसत नाहीत. झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, तेव्हा मान सरळ आहे ना ते वरचेवर पाहावे. मोठ्या भावंडाला झोका द्यायला सांगू नये. बाळ हातांवर जोर देऊन वर उठू लागले की झोळी काढून ठेवावी.

मालीश, कपडे बदलणे, डायपर घालणे हे पलंगावर नकोच. तेल लावलेले बाळ हातातून सुटते. मालीशवाल्या बाई खाली पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन बसतात, ती रीत अगदी योग्य आहे. पावडर, लंगोट, झबले आधीच हाताशी घ्यावे. काही आणायला उठायचे झाले तर बाळाला चटईवर ठेवून उठावे.

पलंगाजवळची जमीन मऊ करणे हा दुय्यम उपाय आहे, पण गादी खाली घेता येत नसेल तर करावा. सहा मिलिमीटरची योगाची चटई डोक्याच्या धक्क्याला काहीच नाही. एकमेकांत अडकणारी फोमची चौकोनी जोडपत्रे २० ते २५ मिलिमीटर जाडीची घ्यावीत आणि कडेपासून अडीच-तीन फुटांपर्यंत, पायथ्यालाही, पसरावीत. उभे असलेले मूल कडेलगत पडत नाही, लांब पडते. वर्षाच्या मुलाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर. ते पलंगावर उभे असताना पडले तर त्याचे डोके जवळजवळ १३५ सेंटिमीटरवरून येते. त्या टप्प्यात साइड टेबलाचा कोपरा, कडप्प्याची चौकट, लोखंडी कपाटाची मूठ येत असेल तर ती वस्तूच हलवावी.

याहून गंभीर म्हणजे खिडकीला लागून ठेवलेला पलंग. खिडकीचा कट्टा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल आणि पलंग ६० चा, तर पलंगावर उभ्या मुलाला तो कट्टा फक्त ३० सेंटिमीटर उंच पडतो, म्हणजे त्याच्या गुडघ्याच्या किंचित वर. नव्या टॉवरमधल्या स्लायडिंग खिडक्यांना पुष्कळदा ग्रिल नसते, आणि डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही. पलंग खिडकीपासून किमान तीन फूट लांब सरकवावा. ग्रिल बसवावे, त्याचे गज उभे असावेत आणि मधली फट १० सेंटिमीटरच्या आत. सोसायटीच्या नियमाने बाहेरून ग्रिल बसवता येत नसेल तर आतून बसवता येते. पलंगावर उभे राहून मुलाला वर उडवण्याचा खेळही बंद करावा, वर पंखा आहे.

बंक बेडची वरची खाट सहा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. कठडा दोन्ही बाजूंना हवा, भिंतीकडेही. तो गादीच्या वर किमान १३ सेंटिमीटर राहिला पाहिजे. जाड गादी घातली की तो गायब होतो.

२०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर परिसरात अनेक घरांत खोल्या तयार होत आहेत. तान्ही मुले घेऊन येणाऱ्या यात्रेकरूंना अनोळखी खोलीत उंच पलंगच मिळतो, आणि प्रवासाने थकलेले आई-वडील गाढ झोपतात. प्रत्येक दोन-तीन खोल्यांमागे खाली घालायची एक स्वच्छ, घट्ट गादी ठेवली आणि मूल दिसताच ती हवी का असे विचारले, तर पुष्कळ साधेल.

एवढे करूनही मूल पडलेच तर काय करावे. लगेच रडले, थोड्या वेळात शांत झाले, दूध प्यायले, नेहमीसारखे खेळू लागले, तर हे चांगले लक्षण. टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. चोळू नये, तेल जिरवू नये. 'झोपू देऊ नका' हे बरोबर नाही. झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावे; अधूनमधून उठवून ते नेहमीसारखे जागे होते का आणि ओळखते का, एवढे पाहावे. पहिले चार ते सहा तास जास्त जपण्याचे.

पण काही लक्षणांत वाट पाहायची नाही: शुद्ध हरपणे, क्षणभर का असेना, आकडी, पुन्हापुन्हा उलटी, नेहमीसारखे न वागणे, गुंगीत राहणे किंवा काही केल्या न थांबणारे रडणे, नाक-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, टाळू फुगलेली, एक हात किंवा पाय न हलवणे, दोन बुबुळांच्या बाहुल्या लहान-मोठ्या. दोन वर्षांखालच्या मुलाला कपाळावरचे टेंगूळ तुलनेने कमी काळजीचे. कानावर, डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली मऊ, पिलपिलीत सूज मात्र दाखवलीच पाहिजे, कारण तिच्याखाली कवटीला तडा असू शकतो. तीन महिन्यांखालचे बाळ कसेही पडले तरी डॉक्टरांना दाखवावे. बेशुद्ध मुलाला हलवून जागे करू नये. मान आणि धड एका रेषेत ठेवून १०८ ला फोन करावा. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल, दुसरे काही मनाने देऊ नये.

डोक्याचा सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. अमेरिकेतल्या २५ आपत्कालीन विभागांत ४२ हजारांहून जास्त मुलांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वर सांगितल्यासारख्या खुणांवरून कोणाला स्कॅनची गरज नाही ते ठरवता येते, हे त्यातून दिसले. दोन वर्षांखालच्या मुलासाठी तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडणे त्यात जोखमीचे धरले आहे. म्हणून डॉक्टरांना 'पलंगावरून पडला' एवढेच सांगू नये. किती उंचीवरून, उभा असताना की झोपेत, खाली काय होते, किती वाजता, हे सांगावे. भीतीने किंवा घरच्यांच्या रागामुळे उंची कमी करून सांगितली जाते, त्यात नुकसान मुलाचेच आहे.

आमच्या दोन मागण्या आहेत. फर्निचर विक्रेत्यांनी पलंगाच्या लांबी-रुंदीबरोबर गादीसह उंचीही लिहावी, आणि बेड गार्डच्या खोक्यावर मराठीत वय ठळक छापलेले असावे. दुसरी महापालिकेच्या आरोग्य विभागाला. बाळाच्या लसीकरणात साडेतीन महिन्यांचा डोस येतो, अगदी पालथे पडण्याच्या तोंडावर. लस टोचल्यावर आई-बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवतात. त्या वेळात परिचारिकेने बाळ कुठे झोपते, किती उंचीवर, आणि खाली काय आहे, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरानुसार गादी खाली घ्यायला सांगावे. वेगळा निधी लागत नाही. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या गृहभेटीत आशा सेविकांना हेच प्रत्यक्ष खोलीत जाऊन पाहता येईल. सोबत मोजपट्टी दिली तर उत्तमच.

आपले,
बालआरोग्य व लाकूडकाम क्षेत्रांत काम करणारे काही नाशिककर